पाकीटबंद स्नॅक बार: आत काय असतं, लेबल कसं वाचायचं, कधी खायचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रॅनोला बार, प्रोटीन बार, एनर्जी बार… हे सगळे एकच का?

नाही. दुकानात एकाच फळीवर मांडलेले असले तरी त्यांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला ओट्स, कुरमुरे, कॉर्नफ्लेक्स अशा धान्यांचा बार. हे सगळं पाकात किंवा सिरपमध्ये बांधलेलं असतं, त्यामुळे त्यात मुख्यतः कर्बोदकं असतात. दुसरा सुकामेवा आणि खजूर दाबून केलेला. तिसरा प्रोटीन बार. त्यात व्हे (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली प्रथिनं), दुधाची किंवा सोयाची प्रथिनं पावडरीच्या रूपात घातलेली असतात. चौथा प्रकार आपल्या ओळखीचा आहे: शेंगदाण्याची चिक्की, तिळाची वडी, राजगिऱ्याची वडी. यांच्यावर 'बार' असं लिहिलेलं नसतं, एवढाच फरक.

प्रकार ओळखायला नाव वाचू नका, घटकांच्या यादीतली पहिली तीन नावं वाचा. नियमानुसार ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी.

लेबलवरचे आकडे कसे वाचायचे?

एक कल्पित लेबल घेऊ. दर १०० ग्रॅममागे ऊर्जा ४१४ किलोकॅलरी, प्रथिनं १० ग्रॅम, कर्बोदकं ६२ ग्रॅम, एकूण साखर ३० ग्रॅम, त्यातली ऍडेड शुगर २२ ग्रॅम, एकूण फॅट १४ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट ५ ग्रॅम. बार मात्र ४० ग्रॅमचा आहे. म्हणून प्रत्येक आकडा ०.४ ने गुणायचा: १६६ किलोकॅलरी, ४ ग्रॅम प्रथिनं, १२ ग्रॅम साखर आणि त्यात वरून घातलेली ८.८ ग्रॅम. चहाच्या चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर मावते. म्हणजे या बारमध्ये वरची साखर सुमारे दोन चमचे आहे.

आता शेजारचा टक्क्यांचा रकाना बघा. आपल्याकडे हे टक्के २००० किलोकॅलरीच्या आहारावर आणि दिवसाला ५० ग्रॅम ऍडेड शुगर, ६७ ग्रॅम फॅट, २२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, २००० मिलिग्रॅम सोडियम या मर्यादांवर काढलेले असतात. आपल्या उदाहरणात साखरेपुढे १८ टक्के छापलेलं दिसेल आणि ते फारसं वाटणार नाही. पण ५० ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना ही साखर त्याच्या निम्म्यावर, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास ठेवलेली बरी असं सांगते. त्या हिशेबाने हाच बार दिवसाचा एक तृतीयांश कोटा संपवतो, आणि सकाळ-संध्याकाळच्या चहातली साखर अजून मोजायचीच आहे.

दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे सर्व्हिंग साइज. पाकीट ६० ग्रॅमचं आणि सर्व्हिंग ३० ग्रॅमची असेल तर छापलेले आकडे अर्ध्या बारचे असतात, आणि अर्धा बार ठेवून कुणी देत नाही. दुसरी जागा म्हणजे विभागलेली साखर. यादीत पहिले ओट्स असतात, मग साखर, लिक्विड ग्लुकोज, मध, इन्व्हर्ट सिरप असं एकेक नाव थोड्या थोड्या अंतराने येतं. प्रत्येकाचं वजन वेगळं धरल्यामुळे ओट्स वर राहतात. सगळ्यांची बेरीज केली तर पहिला नंबर साखरेचा लागू शकतो. ऍडेड शुगरचा आकडा मात्र या सगळ्यांचा मिळून असतो, म्हणून यादीपेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवा.

पाकिटावर 'हाय प्रोटीन' लिहिलंय. मग चांगलाच असेल ना?

इथे थोडं थांबून हिशेब करायला हवा. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, दावे आणि जाहिरातींबाबतच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे, दर १०० ग्रॅम घन पदार्थात दिवसाच्या गरजेच्या २० टक्के प्रथिनं असली की 'हाय प्रोटीन' म्हणता येतं. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज ५४ ग्रॅम धरली तर हा उंबरठा १०.८ ग्रॅमवर येतो. म्हणजे ४० ग्रॅमच्या बारमध्ये जेमतेम सव्वाचार ग्रॅम प्रथिनं असली तरी तो या शब्दांत बसतो.

गूळ आणि शेंगदाणे समप्रमाणात घेऊन केलेल्या साध्या चिक्कीत १०० ग्रॅममागे सुमारे साडेबारा ग्रॅम प्रथिनं भरतात. याच मापाने चिक्कीही 'हाय प्रोटीन' ठरेल. दावा खोटा नसतो, पण माप इतकं खालचं आहे की त्यावरून निवड करता येत नाही.

त्याऐवजी दर १०० किलोकॅलरीमागे किती प्रथिनं मिळतात ते बघा. उकडलेल्या अंड्यात साधारण ८ ग्रॅम, फुटाण्यांत साडेपाच ग्रॅम, शेंगदाण्यांत सव्वाचार ते साडेचार ग्रॅम. २०० ते २२० किलोकॅलरीत २० ग्रॅम देणारा बार ९-१० ग्रॅमवर जातो. त्याला प्रोटीन बार म्हणायला आमची हरकत नाही. २०० किलोकॅलरीत ८ ग्रॅम देणारा बार फुटाण्यांच्याही खाली येतो आणि पैसे मात्र प्रोटीन बारचे घेतो.

पैशांचा हिशेबही असाच करा: किंमत भागिले प्रथिनांचे ग्रॅम. समजा १२० रुपयांच्या बारमध्ये २० ग्रॅम आहेत, तर ग्रॅमला ६ रुपये पडले. ५० रुपयांच्या बारमध्ये ४ ग्रॅम असतील तर ग्रॅमला साडेबारा रुपये. स्वस्त दिसणारा बार दुपटीने महाग निघाला.

आणि एक. प्रथिनं कशाची आहेत तेही वाचा. व्हे, दूध आणि सोया यांची प्रथिनं शरीराच्या पूर्ण कामाची. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे स्नायूंसाठी केवळ त्याच्यावर विसंबू नये. कोलॅजेन प्राण्यांपासून मिळतं, तेव्हा शाकाहारी लोकांनी हिरवा ठिपका पाहूनच बार घ्यावा.

मला दिवसाला प्रथिनं तरी किती लागतात?

भारतीय प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम ही शिफारस आहे. वजन ६० किलो असेल तर ५० ग्रॅम. रोज दोन वेळा वरण किंवा उसळ, वाटीभर दही, ग्लासभर दूध आणि मूठभर शेंगदाणे असा आहार असेल, तर बऱ्याच जणांचा आकडा या मापाच्या जवळपास जातो. नियमित वजन उचलणाऱ्यांना जास्त लागतात, तिथे बारचा उपयोग आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन बार सुरू करू नका.

'शुगर फ्री' बार खाल्ल्यावर पोट का फुगतं?

कारण गोडवा बहुतेक वेळा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉलमधून आलेला असतो. यांना पॉलिऑल म्हणतात. घटकांच्या यादीत ते अनुक्रमे आयएनएस (अन्नात मिसळायच्या द्रव्यांची आंतरराष्ट्रीय यादी) ९६५ आणि ४२० अशा क्रमांकांनी सापडतील. लहान आतड्यात ते पुरते शोषले जात नाहीत. उरलेले मोठ्या आतड्यात पोचतात, पाणी ओढून घेतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून गॅस तयार करतात. बऱ्याच पाकिटांवर पॉलिऑलमुळे जुलाब होऊ शकतात अशी सूचना बारीक अक्षरात असते. एरिथ्रिटॉलचा (९६८) त्रास तुलनेने कमी, कारण त्यातलं बरंचसं आधीच शोषलं जाऊन लघवीवाटे निघून जातं.

दुसरं कारण चिकोरी रूट फायबर, म्हणजेच इन्युलिन. फायबरचा आकडा वाढवायचा हा सोपा मार्ग असल्याने कित्येक बारमध्ये ते असतं. सवय नसताना एकदम १० ग्रॅमच्या आसपास पोटात गेलं की गुडगुड होणारच. पहिल्यांदा खाताना अर्धा बार खाऊन बघा, आणि तोही विरार लोकल पकडायच्या आधी नको.

गूळ, मध, खजूर वापरलेला बार म्हणजे साखर नसलेला बार, बरोबर?

गूळ आणि मध यांच्या बाबतीत चूक. १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८० किलोकॅलरी, साखरेत ४००. गुळात लोह आणि इतर खनिजं थोडी असतात, पण बारमधल्या १०-१२ ग्रॅम गुळातून येणारं प्रमाण नगण्य आहे. मध आणि ब्राऊन राइस सिरपही ऍडेड शुगरमध्येच मोजायचे.

अख्खा खजूर वेगळा. त्यातली साखर फळातली आहे आणि सोबत चोथा (फायबर) येतो. तरीही वाळलेल्या खजुरात वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त साखरच असते. खजुराच्या बारवर 'नो ऍडेड शुगर' लिहिलेलं खरं असतं आणि एकूण साखरेपुढे १५-१८ ग्रॅम लिहिलेलं असतं, तेही खरं असतं. डेट सिरप असेल तर मात्र चोथा गाळून गेलेला असतो, ते सिरप साखरेतच धरा.

घाईत वडापाव खावा की बार?

एका वडापावात साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलोकॅलरी आणि ६-७ ग्रॅम प्रथिनं असतात. वड्याने किती तेल पिलं त्यावर आकडा खालीवर होतो. बारमध्ये दीडशे ते दोनशे. कॅलरीचा कागद बघितला तर बार जिंकतो. पण १६६ किलोकॅलरी आणि ४ ग्रॅम प्रथिनांवर अंधेरी ते चर्चगेट प्रवास करून दुपारच्या जेवणापर्यंत पोट गप्प बसत नाही. अकरा वाजता कॅन्टीनमधून आणखी काहीतरी येतं.

आमचं मत असं: बार कशाच्या जागी खाताय त्यावर सगळं ठरतं. क्रीमची बिस्किटं, फरसाण, चहासोबतची खारी यांच्या जागी बरा बार आला तर फायदा आहे. घरच्या पोळीभाजीच्या किंवा पोह्यांच्या जागी आला तर तोटा. आणि ३० ग्रॅम फुटाणे (सुमारे ११० किलोकॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं) अधिक एक केळं (सुमारे १०० किलोकॅलरी) हा जोड बहुतेक धान्यांच्या बारना प्रथिनांत आणि चोथ्यात मागे टाकतो. फुटाणे पिशवीत आठवडा राहतात, केळं दादर किंवा घाटकोपर स्टेशनबाहेर कधीही मिळतं.

चिक्की खाल्ली तर चालेल ना मग?

चालेल, पण वजन बघून. ३० ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे १४० किलोकॅलरी, पावणेचार ग्रॅम प्रथिनं आणि १३ ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे आपल्या कल्पित ४० ग्रॅमच्या बारइतकीच प्रथिनं, पण वरून घातलेली साखर जास्त. जमेची बाजू ही की घटक दोनच, फॅट शेंगदाण्याचं आणि ते बहुतांशी अनसॅच्युरेटेड, म्हणजे हृदयाला त्यातल्या त्यात बरं. लोणावळ्याहून आणलेला डबा टेबलावर उघडा ठेवला की तुकड्यावर तुकडा जातो, खरी अडचण तिथे आहे.

चॉकलेटचा थर दिलेल्या बारच्या तुलनेत चिक्की या एका बाबतीत उजवी. स्वस्त बारचा थर बऱ्याचदा कोको बटरचा नसून पाम कर्नलसारख्या वनस्पती तेलाचा असतो आणि त्यात सॅच्युरेटेड फॅट भरपूर.

मुलांच्या डब्यात रोज द्यावा का?

रोज नको. कॅलरीपेक्षा दातांची काळजी जास्त आहे. चिकट सिरप दाढांच्या खाचांत बसून राहतं आणि दुपारपर्यंत चूळ भरली जात नाही. आठवड्यातून एक-दोनदा द्यायचा असेल तर ऍडेड शुगर ५ ग्रॅमच्या आत असलेला निवडा आणि सोबत पाणी पिण्याची सवय लावा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे-बदाम असलेला बार देऊ नये, घशात अडकण्याचा धोका असतो. वर्गात कुणाला दाण्यांची ऍलर्जी आहे का तेही शाळेत विचारा.

मधुमेह असेल तर?

'डायबेटिक' किंवा 'शुगर फ्री' हे शब्द बाजूला ठेवून एकूण कर्बोदकं बघा. माल्टिटॉलमुळेही रक्तातली साखर वाढते, साखरेपेक्षा कमी वाढते एवढंच. ओट्स, कुरमुरे, माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पावडर) यांत साखर नसली तरी शेवटी त्यांचं ग्लुकोजच होतं. ग्लुकोमीटर घरी असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजा. तो बार तुम्हाला मानवतो की नाही ते तिथेच कळेल.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेताना शुगर एकदम खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, तर बार खाऊ नका. त्यातलं फॅट आणि चोथा साखर रक्तात पोचायला उशीर लावतात. तेव्हा तीन चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. बार त्यानंतर.

उपवासाला चालतो का?

राजगिरा, शेंगदाणे, खजूर, गूळ एवढंच असेल तर बहुतेक घरांत चालतो. ओट्स, गहू, सोया, कॉर्न यांपैकी काही असेल तर नाही. तीळ काही घरांत चालतात, काहींत नाही. यादी शेवटपर्यंत वाचा, कारण माल्ट एक्स्ट्रॅक्ट (बहुधा जवाचा) आणि सोया लेसिथिन तळाशी असतात.

धावताना किंवा ट्रेकला कुठला न्यावा?

इथे गणित उलटं होतं, साखर कामाला येते. तासाभराहून जास्त धावायचं असेल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि ती लवकर पचायला हवीत. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला २० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम फायबरचा बार खिशात ठेवलात तर पोटात गोळा येईल. खजूर, केळं किंवा साधा धान्यांचा बार बरा, तोही घोट घोट पाण्याबरोबर आणि आधी सरावात खाऊन पाहिलेला.

सह्याद्रीतल्या ट्रेकला वेग कमी आणि वेळ जास्त असतो. तिथे चिक्की किंवा दाण्यांचा बार उत्तम. चॉकलेटचा थर असलेला नेऊ नका, राजमाचीच्या वाटेवर पाकीट उघडाल तेव्हा सगळं कागदाला चिकटलेलं असेल.

बारवर पांढरा थर आलाय. बुरशी आहे का?

चॉकलेटचा थर असेल आणि पांढरेपणा सपाट, धूसर असेल तर बहुधा फॅट ब्लूम. कोको बटर ३२-३४ अंशांना वितळतं. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत ते वितळतं आणि पुन्हा गोठताना फॅटचे स्फटिक वर येतात. बोटाने हलकं चोळल्यावर थर विरघळतो. चव थोडी बिघडते, पण अपाय नाही. केसाळ, हिरवट-काळसर ठिपके किंवा कुबट वास असेल तर बुरशी. तेवढा भाग खरवडून उरलेला खाऊ नका. शेंगदाण्यांवरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते साध्या भाजण्याने जात नाही.

खवट झालेला बार डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळतो. जुन्या तेलाच्या किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला की फेकून द्या. प्रोटीन बार मुदतीच्या आतही दगडासारखा कडक होऊ शकतो, कारण प्रथिनं हळूहळू बारमधलं पाणी स्वतःकडे ओढतात. तो खाता येतो, पण दातांनी जपून.

पावसाळ्यात उघडलेलं पाकीट क्लिप लावून ठेवणं पुरत नाही. हवेतला ओलावा गूळ आणि सिरप शोषून घेतात आणि रात्रीत बार चिकट होतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरा आणि दोन दिवसांत संपवा.

घरी करता येईल?

येईल, आणि साखर आपल्या हातात राहील. साहित्य: जाड ओट्स १०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, पंढरपुरी डाळं ५० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर १६० ग्रॅम, चिरलेला गूळ ४० ग्रॅम, साजूक तूप १० ग्रॅम, चिमूटभर मीठ.

ओट्स मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजा. बोटांत चुरडले की कुरकुरले पाहिजेत. कच्चे राहिले तर बार पिठूळ लागतो. शेंगदाणे भाजून, सालं पाखडून जाडसर कुटा. तीळ तडतडेपर्यंतच ठेवा, पुढे गेले की कडू होतात. डाळं नुसतं गरम करा. खजूर पाण्यात भिजवू नका, बार लवकर खराब होण्याचं ते पहिलं कारण आहे. बारीक चिरून तुपावर तीन-चार मिनिटं परतला की लगदा होतो. वेगळ्या कढल्यात गुळात एक चमचा पाणी घालून गोळी पाक करा: थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी वळली पाहिजे. थेंब कडक होऊन मोडला तर तो चिक्कीचा पाक झाला, बार दात मोडेल.

पाक खजुरात, मग सगळं एकत्र, आणि गरम असतानाच बटर पेपर लावलेल्या ताटात दीड सेंटीमीटर जाडीचं थापा. सपाट बुडाच्या वाटीने जोर लावून दाबा. बार विस्कटतो तो बहुतेक वेळा इथे हात राखल्यामुळे. पंचवीस-तीस मिनिटांनी, कोमट असताना १४ तुकडे करा. पूर्ण गार झाल्यावर कापायला गेलात तर कडा तुटतात.

एक तुकडा साधारण ३५ ग्रॅमचा: सुमारे १४० किलोकॅलरी, ४ ग्रॅम प्रथिनं, ३ ग्रॅमच्या आसपास चोथा, गूळ ३ ग्रॅमहून कमी. खजुरातली साखर सुमारे ७ ग्रॅम, ती वेगळी धरा. हवाबंद डब्यात आठवडाभर, पावसाळ्यात फ्रिजमध्येच.

वजन कमी करायला रात्री जेवणाऐवजी बार खाऊ का?

नको. दीडशे-दोनशे किलोकॅलरीवर रात्र निघत नाही आणि अकरा वाजता डबे उघडले जातात. त्यापेक्षा एक भाकरी, वाटीभर उसळ आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर घ्या. बार संध्याकाळी सहाला, ऑफिसातून निघताना खा, म्हणजे घरी पोचल्यावर फरसाणावर हात पडणार नाही.

खराब बार मिळाला तर तक्रार कुठे करायची?

पाकीट फेकू नका. बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि बिल यांचे फोटो काढा, उरलेला बार पाकिटासकट पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवरूनही तक्रार नोंदवता येते. नुसते पैसे परत हवे असतील तर आधी दुकानदाराकडे किंवा ज्या ॲपवरून मागवला त्याच्याकडे लेखी मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.